ऐच्छिक

फॉर्मवरची सही तुमचीच?
माझीच. निळ्या शाईतली.
ओडील कोमो, खरेदी विभाग,
मासळीचा कारखाना, धक्क्याला लागून,
नोव्हा स्कोशियाचा फ्रेंच किनारा.

फॉर्म दोन पानी.
पहिल्यावर, लोडरसोबत जे येतंच ते:
गरम होणारी सीट, रेडिओ,
कप ठेवायची खोबण.
दुसऱ्यावर ऐच्छिक.
तिथं सातव्या ओळीत, जास्तीच्या टूलबॉक्सखाली,
गाडी मागे जाताना वाजणारा भोंगा.
तीनशे चाळीस डॉलर.
मी चौकट कोरी सोडली.

म्हणजे निवड तुमची, कंपनीचे वकील म्हणाले.
हो म्हणाले. नाही कशी म्हणू?
त्या वर्षी आम्ही चहाच्या पिशव्यासुद्धा मोजत होतो.

आन्सेल्म सुरेटला कुणी फॉर्म दाखवला नव्हता.
तो बर्फाच्या ढिगामागे फावडं घेऊन उभा,
नोव्हेंबर, पहाटेचे पाच,
धुकं असं की आपलाच हात परक्याचा वाटावा.
फिलिबेर मागे बघत होता. शपथेवर सांगतो, बघतच होता.
पांढरं दिसलं, म्हणाला, नुसतं पांढरं.

ऐच्छिक. इच्छा असेल तर.
कुणाची?
विकणाऱ्याची होती, वेगळे पैसे घ्यायची.
माझी होती, साहेबांच्या कपाळावर आठी नको.
ज्याच्यावरून चाक जाणार
त्याची इच्छा लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी एका मेकॅनिक मुलीनं फोटो दाखवले.
सीटमागचा पत्रा काढला, तर आत
वायर तिथवर आलेली.
टोकाला प्लग.
प्लगवर काळी रबरी टोपी.
प्रत्येक लोडरमध्ये असते, ती म्हणाली,
कारखान्यातूनच.
टोपी कशासाठी?
धूळ जाऊ नये म्हणून.

धुळीचा विचार झाला होता.

कंपनीचा इंजिनिअर म्हणाला,
जिथं कायदा आहे तिथं आम्ही भोंगा बसवूनच पाठवतो.
तिथं वेगळे पैसे?
त्यानं पाण्याचा पेला उचलला,
प्यायला नाही, तसाच ठेवला.

इथं दोष टक्क्यांत वाटतात.
कंपनीला इतका, कारखान्याला इतका.
कोऱ्या चौकटीला किती, ते कुणी विचारलं नाही.
मी विचारते, रात्री, भांडी पुसताना.

मधल्या सुट्टीत रोझिल्दा माझ्याजवळ आली.
मला वाटलं, थोबाडीत देईल. द्यावीही.
ती म्हणाली,
तो भोंगा वाजतो कसा?

कोर्टाच्या त्या लांब बोळात, कोट हातावर,
मी तोंडानं काढला आवाज.
टूं.
टूं.
टूं.

माझ्या पाठीमागून फायली घेऊन येणारा कारकून
न बघताच
बाजूला झाला.