वजनघट

एकतीस मार्च. रास्ता पेठेतला दवाखाना,
शटर अर्धं खाली.
मांडीवर लॅपटॉप, पित्तप्रकृतीच्या माणसासारखा तापलेला.
सीएंकडचा निहार फोनवर :
मॅडम, गुळवेल खरेदी चाळीस किलो,
विक्री आणि शिल्लक मिळून साडेदहा.
बाकीची कुठे गेली?

वाळली, म्हणते मी.
तो जरा थांबतो. याला काही कागद आहे का?

गच्चीवर चिरून पसरली होती,
खाली क्वार्टर गेटचे हॉर्न, वर फेब्रुवारीचं ऊन.
साडेएकोणतीस किलो पाणी पुण्याच्या हवेत गेलं.
बिल कुणाच्या नावाने फाडू?

गुरुजींनी सगळं शिकवलं.
नाडी, मात्रा, अनुपान,
सोळा पट पाणी आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आच.
फी मात्र लोक धन्वंतरीच्या तसबिरीखाली ठेवून जात,
ते तिकडे बघतही नसत.
घरभाडं कसं भागायचं
ते वहिनींना माहीत असणार.
आम्ही कुणी विचारलं नाही.

मी दर लावले. लॅमिनेट करून, भिंतीवर.
तपासणी तीनशे, औषध वेगळं.
गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले,
गाडी फुटपाथवर, अंगाला उंची अत्तर,
कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून म्हणाले,
"झाडपाल्याचे एवढे?
रानात फुकट उगवतं की हो!"
मी हसले. दहा टक्के सोडले.
रात्रभर ते दहा टक्के घशाशी येत राहिले.

आणि काल वेल्ह्याहून बुधाबाई.
भारा उतरवला, पदराने मान पुसली,
किलोमागे पाच रुपये वाढवून मागितले.
एसटी महागली, म्हणाली,
खालच्या झाडांवर वेल राहिली नाही आता,
लई वर चढावं लागतं.

आणि मी, वहीतल्या जुन्या भावावर बोट ठेवून :
"रानातलीच ना?
तिला काय खत घातलंय तुम्ही?"

बोलून झालं
आणि खोलीत अत्तराचा वास आला.

बुधाबाई वाद घालत बसली नाही.
तिने उजवा हात पुढे केला. तळव्यात काटा मोडलेला,
भोवती लाल, टणक सूज.
"हे बघा जरा," म्हणाली. "तुमची फी किती?"

काटा निघायला वीस मिनिटं लागली.
लेप लावला. पाच रुपये वाढवले,
मागच्या भाऱ्याचेही धरून.
फी नको म्हटलं, तर कनवटीची दहाची नोट
तिने तराजूच्या रिकाम्या पारड्यात ठेवली,
आणि पारडं, खरं सांगते, हललंही नाही.

मॅडम, आहात ना? निहार विचारतो.
आहे. लिही.
वजनघट, साडेएकोणतीस किलो.
जमेला दहा रुपये, रोख, तपासणी.
आणि खरेदीचं व्हाउचर करायचंय कालचं.
नाव?
बुधाबाई.
आडनाव?

नऊ वर्षं झाली माल घेतेय.
थांब, म्हणते मी,
विचारून सांगते.