दोनशे मेगाबाइट

साऊँ जॉर्ज बेटावर, चीजच्या कोठारात,
पायऱ्यांखालच्या कोनाड्यात
एक राखाडी संगणक तेरा वर्षं थंडी मोजतो आहे.
बारा अंश. ओल पंच्याऐंशी.
दर पाच मिनिटांनी एक ओळ.
भोवती फळ्यांवर चीजची चाकं,
जात्याच्या तळीएवढी, गप्प, पिकत.

आज त्याला नवी प्रणाली द्यायला बसले
आणि तो अर्ध्यावर अडला:
जागा शिल्लक नाही.

मी हसले. अरे, अर्धा टेराबाइट मोकळा आहे तुझ्यात,
गुरं सोडली तर संध्याकाळी सापडायची नाहीत!
मग दिसलं, तो उंबऱ्यातच अडकलाय.
बूटची चिंचोळी पार्टिशन,
आत जाण्याआधी जिथे जाग यावी लागते ती.
दोनशे मेगाबाइट. शंभर टक्के.

खोक्याच्या पाठीवर पिवळी पडलेली चिकटपट्टी,
एवारिश्तूचं तिरकं अक्षर:
'बूट २००. पुरून उरेल.'

पुरलं, तेरा वर्षं.
उरलं मात्र नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण पाय झोपेतच वाढले तर?

आत तीन कर्नल
एकमेकांवर रेलून उभे.
चीज जुनं झालं की चव चढते,
चोविसाव्या महिन्यातलं तर जिभेला चावतं
आणि त्या चाव्यासाठी लिस्बनहून फोन येतात.
कर्नल जुना झाला की नुसता जागा अडवतो.
हे कळतं, तरी पुसताना
हात फळीवरच्या सवयीने थबकला.

आधी विचारून घेतलं,
आत्ता कोणाच्या जिवावर चालला आहेस?
त्याला सोडलं.
उरलेले दोघे गेले. आवाज नाही, काही नाही.

तरीही नवा मावेना.

एवारिश्तूला फोन लावला.
तो गोठ्यात होता, मागे दूधयंत्राचं फुस-फुस.
दोनशेबद्दल चकार शब्द काढला नाही.
"उठताना तो जे गाठोडं घेऊन उठतो, ते केवढं?"
"ऐंशी."
"ऐंशी? माझ्या वेळी बारा होतं! काय बांधलंय त्यात?"

सोडून पाहिलं.
जगातल्या झाडून साऱ्या यंत्रांच्या किल्ल्या.
कधी न पाहिलेल्या डिस्कांच्या,
कधी न जोडायच्या पडद्यांच्या,
बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातल्या कार्डांच्या.
न जाणो, परक्या घरात जाग आली तर
हाताशी असाव्यात म्हणून.

"तो पायऱ्यांखालून कुठे जाणार आहे?
त्याच्या दारापुरत्या ठेव," एवारिश्तू म्हणाला
आणि गायीने बादली लाथाडली तसा फोन बंद.

एका फाइलीत एक शब्द बदलला.
ऐंशीचे एकोणीस झाले.
नवा कर्नल आत सरकला,
कोपऱ्यात थोडी जागाही उरली.
मग ते करायचं होतं जे मी टाळत होते:
बंद करून, पुन्हा चालू.

काळा पडदा.
झुल्मीरा मिठाच्या पाण्याचं फडकं घेऊन
चीजची चाकं उलटत होती. तिने वाकून पाहिलं.
"मेला का?"
"अजून नाही."
"मग तोंड का असं?"
आणि पुढच्या चाकाकडे वळली.

बारा अंश. ओल सत्त्याऐंशी.
(दोन वाढलेले, आम्ही दार उघडं ठेवलं होतं.)
वहीत मात्र चार ओळींचं भगदाड,
ती वीस मिनिटं आता कोणीच मोजलेली नाहीत.

पेन काढलं. 'पुरून उरेल' खोडणार होते,
नाही खोडलं. खाली लिहिलं:
'किल्ल्या कमी केल्या आहेत.
ही डिस्क दुसऱ्या खोक्यात घातली तर उठणार नाही.
आधी मला विचारा.'

'मला'च्या पुढे नंबर लिहिला.
आणि चिकटपट्टी संपत आली होती तरी,
कडेला, बारीक अक्षरात, एवारिश्तूचाही.