व्यवसाय : इतर

आमच्या ग्रामपंचायतीत संगणक एकच
आणि त्याच्यापुढे बसणारा मीही एकच.
खिडकीतून खाडी दिसते. सुकती लागली
की चिखलात वाकलेल्या बायका दिसतात,
खडकाला चिकटलेलं एकेक कालव
कोयतीच्या टोकाने ठोकून सोडवणाऱ्या.
टक्. टक्टक्. टक्.
तो आवाज माझ्या कीबोर्डच्या आवाजात मिसळतो.

सात वर्षं मी त्यांचे अर्ज भरले.
नाव. आडनाव. वय, अंदाजे.
व्यवसाय निवडा, म्हणायचा संगणक
आणि यादी उघडायची :
शेती. शेतमजुरी. वीटभट्टी. दुग्धव्यवसाय.
मासेमारी (होडीचा नोंदणी क्रमांक अनिवार्य).
रेशीम उद्योगसुद्धा होता त्यात,
आमच्या पंचक्रोशीत तुतीचं झाड नसताना.
कालवं नव्हती.
मी तळाला जायचो, 'इतर' दाबायचो.

इतरला कर्ज बसत नाही.
इतरला विमा नाही.
इतर भरतीत सापडली
तर पंचनाम्यात लिहितात : पाय घसरून.

द्वारकी कोयंडेचा अंगठा मशीन घेईना.
पुसला. खोबरेल लावलं. पुन्हा पुसला.
लाल दिवा.
"झिजलो रे तो कालवां फोडून," ती म्हणाली.
"सरकाराक सांग, अंगठो खाडयेत पडलो हा,
गावलो तर धाडून देतंय."
मी हसलो.
ती नाही हसली.

मग नारळी पौर्णिमेच्या सुमाराला एक शासन निर्णय आला.
अकरा पानं. पहिल्या आठांत
सक्षमीकरण, सर्वांगीण, तळागाळातील,
मी असं पुष्कळ वाचलंय, डोळे आपोआप घसरतात.
पान नऊ, उपकलम ई :
खाडीक्षेत्रातून कालवे, तिसऱ्या, शिंपले
हाताने गोळा करणाऱ्या व्यक्ती.
होडीची अट शिथिल.
अंगठा न उमटल्यास ग्रामसभेची साक्ष ग्राह्य.

तीन ओळी.
कुणी लिहिल्या असतील?
मंत्रालयातल्या कुठल्या टेबलावर
कुणाची मावशी अजून तिसऱ्या काढत असेल?

ग्रामसभेत ग्रामसेवकाने विचारलं,
हिला कोण ओळखतं?
जरीना मुजावर उठली, म्हणाली,
माझ्या घरात पाच बाळंतपणं हिच्या कालवांवर निभावली.
मग सगळेच बोलू लागले.
फक्त बापू तारी चपलेने जमीन उकरत बसला.
चतुर्थीला उचल देऊन
वर्षभर त्याच भावात माल उचलायचा तो.
खाडी आमच्या आज्याची, एवढंच पुटपुटला
आणि खाडीच्या बाजूला मात्र बघितलं नाही.

बावीस जणींना पाण्याचा तुकडा मिळाला, दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने.
बांबूचे तराफे, त्यांना लोंबते दोर,
दोरांवर नखाएवढी कालवं.
गोष्ट इथे संपवता आली असती.
पण पुढच्या श्रावणात वरून गोडं पाणी इतकं उतरलं
की निम्मे दोर मेले, आठ दिवस किनाऱ्यावर वास.
शेवंती गट सोडून परत बापूकडे गेली,
मुलीची फी द्यायची होती, विमा थांबत नव्हता तिच्यासाठी.
विमा आला मार्गशीर्षात.
माणशी सात हजार दोनशे.
द्वारकीने पासबुक उलटं धरलं, सुलटं धरलं,
म्हणाली, बुडल्याचे पैशे पैल्यांदाच बघतंय.

काल ती आली, काम काही नव्हतं.
"दाखव माका, खय हा तो शबुद?"
मी यादी उघडली. मासेमारीच्या खाली,
रेशीम उद्योगाच्या वर.
तिने काचेवर बोट ठेवलं, अक्षरावरून फिरवलं.
ठसा उमटला नाही.
ओल उमटली, थोडा चिखल.

ती गेल्यावर मी सहज
माझाच अर्ज उघडला, आरोग्य कार्डाचा, कधीचा राहिलेला.
मानधन पाच महिने थकलंय, निदान कार्ड तरी.
व्यवसाय निवडा, म्हणाला संगणक.
वरून खाली गेलो. खालून वर आलो.
बाहेर सुकती लागली होती.
टक्. टक्टक्.
काच मी अजून पुसलेली नाही.