कोंड्यात हात

कुरुमे शहराच्या टोकाला, नदीच्या अलीकडे,
तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत
हारुयोशी मात्सुनागा रोज सकाळी
कोपरापर्यंत हात घालतो
प्लॅस्टिकच्या बुडबुड्याला चिकटवलेल्या काळ्या रबरी मोज्यांत.
आत उंदीर. पांढरे. सव्वीस.
जन्मापासून एकही जिवाणू न शिवलेले.
हवा गाळलेली, पाणी उकळलेलं,
दाणेसुद्धा किरणांतून काढलेले.
इतकं कडक सोवळं
कुठल्या देवघरातही पाळलं नसेल कुणी.

आणि हे सोवळ्यातले उंदीर घाबरतात फार.
अरुंद नळीत तासभर कोंडलं
की भीतीचं रसायन त्यांच्या रक्तात
चढतं ते चढतंच.
आकडे पोरं लिहितात. हारुयोशी फक्त धरतो.
रबरातूनही त्याला कळतं
कुठलं काळीज किती धावतंय.

घरी, ओट्याखाली, एनॅमलचं झाकणाचं भांडं.
तांदळाचा कोंडा, मीठ, समुद्रशेवाळाची पट्टी, एक सुकी मिरची.
सुमिए दवाखान्यात गेली तेव्हा एवढंच म्हणाली :
रोज हलव. तळापर्यंत.
“मोजे कुठले घालू?”
खोकल्याच्या मधोमध हसली ती.
“उघड्या हातानं रे.”

एकतीस वर्षं त्यातली काकडी खाल्ली,
हात आज पहिल्यांदा घातला.
ओल्या पोत्याचा वास, आंबूस, जरासा बिअरचा,
आणि आत, मनगटाशी,
कोमट.
कुणीतरी राहत असल्यासारखं.

पाहुणे आले की डॉक्टर इशिमारू समजावतात :
आपल्याला न पचलेला कोंडा हे आतले भाडेकरू खातात
आणि भाड्यापोटी रसायनं ठेवून जातात.
काही आतड्याच्या अस्तरातच जिरतात,
काही रक्तात उतरतात,
काही मेंदूच्या दारावरून परत फिरतात, आत सोडत नाहीत त्यांना.
पण पोटापासून मानेतून वर गेलेला
एक लांब मज्जातंतू आहे,
तो खालची कुजबुज ऐकतो
आणि वर सांगतो.
पाहुणे माना डोलावतात. चहा येतो.

(आम्ही म्हणतो, पोटात गोळा आला.
म्हणतो, पोटतिडकीनं बोलला.
माझी चूक पोटात घाल, म्हणतो.
कुठला उंदीर कोंडून कळलं होतं हे आम्हाला?)

तीन आठवड्यांच्या पिल्लांना
एकाच जातीच्या जिवाणूचा एक थेंब दिला,
मोठी झाल्यावर ती नळीत निवांत बसली.
तोच थेंब मोठ्या उंदरांना दिला.
काही नाही. काळीज तसंच धावत.
इशिमारूंनी फळ्यावर लिहिलं : वेळ.
हारुयोशीनं दिवसभर त्या शब्दाकडे बघणं टाळलं.

रात्री सुमिएचा फोन.
सलाईनमधून अजून ते जंतू मारायचं औषध चालू आहे.
झोप नाही. कशालाच चव नाही.
“उगाच रडू येतं,” म्हणाली,
“घरातली सगळी माणसं
न सांगता उठून गेल्यासारखं.”
त्याला भाडेकरू आठवले.
बोलला नाही. औषधावर खापर फोडायला तो डॉक्टर नव्हता,
आणि रडायला माणसाला शंभर कारणं असतात.
फोन ठेवून त्यानं बाही वर केली.
त्या दिवशी कोंडा दोनदा हलवला गेला.

एकोणिसाव्या दिवशी ती घरी आली,
कोट न काढताच बसली.
त्यानं काकडी धुतली, जाड कापली,
तिच्यासारखी पातळ त्याला जमत नाही.
ती खूप वेळ चावत राहिली.
“हा माझा कोंडा नाही,” म्हणाली.
“कुणाचा हात लागलाय?”
त्यानं उजवा हात पुढे केला,
नखांच्या कडा पिवळसर झालेला.
तिनं तो हुंगला, तोंड वाकडं केलं,
आणि दुसरा तुकडा उचलला.

सकाळी प्रयोगशाळेत चार मिनिटं साबण.
वास गेला नाही.
बुडबुड्यात सव्वीस नाकं उगाचच वर झाली.
एक उघडं बोट, त्याच्या मनात आलं.
एकच. बस.

मग त्यानं मोजे नीट चढवले,
आणि पहिल्या उंदराला
रोजच्यापेक्षा जरा सैल धरलं.