पिवळी कॅसेट

गड्ड्यावर घेतली होती, साठ रुपयांना,
लेबल नसलेली.
इरेश म्हणाला, फसलास.
विमान हळू, गोळ्या कापसाच्या,
तिसऱ्या लेव्हलला नुसतं वाळवंट.
साखर पेठेत कुणी उसनीसुद्धा मागितली नाही.
आई हजार विड्या वळून उठायची,
माझा स्कोअर नऊशेवर अडलेला.

काल माळ्यावर सापडली, तिच्याच सुपाखाली.
फुंकर मारली. परत मारली.
आधी मुंग्या, मग तेच निळं विमान,
आणि ती धून, एक सूर बसका,
मागच्या खोलीतल्या मागाच्या खटक्यात
तेव्हा कधी धड ऐकूच आली नव्हती.
माग भंगारात गेला. आता येते ऐकू.

गोळीचं बटण मात्र मेलेलं.
दाबलं, ठोकलं, रॉकेलचा बोळा फिरवला.
शेवटी तसाच निघालो,
मरायला किती वेळ लागतो बघू म्हणून.

तिसरी लेव्हल. वाळू.
शत्रूची विमानं समोरून आली
आणि बाजूने निघून गेली.
एकानेही गोळी झाडली नाही.
पंचवीस वर्षं मी समजत होतो,
सुरुवात ते करतात.

इरेशला फोन लावला. हिंजवडीत, मीटिंगमध्ये.
"कुठली पिवळी?" म्हणाला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात
दुसऱ्या खेळाडूचं शून्य लुकलुकत होतं.
शेंगाचटणीची बोटं बनियनला पुसली,
दुसरा कंट्रोलर जोडला,
त्याचं विमान माझ्या शेजारी उभं केलं
आणि एका हाताने एक, असं
दोघांना वाळूतून नेत राहिलो,
लाईट जाईपर्यंत.