चार थेंब

कॉलेजातून आणलेला किट तसा मुदत संपलेला.
निकुंभकाका म्हणाले, चालतंय की,
आपल्याला काय पेपर छापायचाय?
मीटिंगमध्ये ठराव झाला: चोवीस फ्लॅट, चोवीस नळ,
आणि तपासणार वाघचौरे मॅडम,
त्यांना लॅबची सवय.

सवय म्हणजे एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या प्रॅक्टिकलच्या बाटल्या विसळतेय.

तर रविवारी, पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या इमारतीत,
जिन्याने, ओट्यामागून ओटा.
खुणेपर्यंत पाणी,
नाकात जाणाऱ्या वासाचे पाच थेंब,
चिमूटभर काळी पूड,
की पाणी आगळासारखं लाल.
मग ड्रॉपर उभा धरून मोजायचं
निळं होईस्तोवर.
एका थेंबाला पंचवीस.

एकशे दोनमध्ये चोवीस थेंब.
दोनशे चारमध्ये सव्वीस; त्यांनी गीझरची कॉइल
पेपरात गुंडाळून ठेवलेली, दाखवायला,
ऑपरेशन करून काढलेला खडा ठेवतात तशी.
तीनशे एकमधली मुलगी कंगव्यातला गुंता पुढे करते:
हेही लिहा.
तीनशे तीनमध्ये सात शिट्ट्या झालेल्या,
तरी तुरीचा दाणा तोऱ्यात.

बोअर साडेचारशे फूट. खाली सगळा काळा पाषाण.
पाणी त्याच्यात इतकी वर्षं राहिलंय
की आता त्याच्याच बाजूने बोलतं.
आम्ही नाशिककर ऊठसूट गंगेवर जाऊन येतो,
पण आमच्या टाकीत गंगा येते
वरणावर तूप येतं तेवढीच.

साडेपाचला खाली उतरले.
हात चिकट, बाटली लालनिळी.
वॉचमनच्या खोलीबाहेर एक तोटी आहे, तिथे विसळली
आणि उगाच, सवयीने,
तिचंही घेतलं खुणेपर्यंत.

एक.
दोन.
तीन.
चार. निळं.

पुन्हा केलं. चारच.

मीटरकडून संपाकडे जाणाऱ्या लाइनवर
बिल्डरने सिमेंट कालवायला काढलेली तोटी,
नंतर कुणाला काढायची आठवण राहिली नाही.
बोअर मिसळायच्या आधीचं, थेट धरणाचं पाणी
इमारतीत फक्त इथे,
जिन्याखाली, ठरावात नसलेल्या नळाला.

आत यमुना भोये डाळ घोटत होती.
दोन शिट्ट्या, म्हणाली. मी विचारलं नव्हतं.
हे गोडं हाय. वरचं मचूळ.
ती सुरगाण्याकडची. तिच्या पाड्यावर
पावसाळ्यात छपराखाली बोललेलं ऐकू येत नाही,
आणि एप्रिलात झिऱ्यात वाटी बुडत नाही.
तिला पाणी जिभेवर कळतं,
मला थेंब मोजावे लागतात.

चहा दिला तिने.
कपात बघत राहिले: वर तवंग नाही.
किती वर्षांनी.
मी लिहिते आहे का, हे ती बघत होती
आणि बघत नाही असं दाखवत होती.

निकुंभकाकांनी वही तिथेच, पार्किंगमध्ये, उघडली.
सरासरी सहाशे वीस!
सॉफ्टनरचं कोटेशन त्यांच्या खिशातच होतं.
बोट खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं,
जिथे फ्लॅट नंबर नव्हता.
हे चार कसले?

ब्लँक, मी म्हणाले.
प्रत्येक प्रयोगात एक घ्यावा लागतो.
असं होय, म्हणाले,
आणि शिकल्यासारखी मान हलवली.

मला वाटलं होतं, विषय संपला.

बुधवारी संध्याकाळी मी कळशी घेऊन खाली गेले.
यमुनाचा हंडा अर्धा भरला होता.
तिने कळशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
हंडा बाजूला सरकवला.
डाळीपुरतंच, मी म्हणाले.
ती काही बोलली नाही.
पाण्याची धार बारीक होती,
भरायला वेळ लागला.