चौदा दिवस फुकट

अंबड लिंक रोडला मोटारी भरतो मी.
हिशोब पत्र्याच्या दारावर, आतून, खडूनं:
खैरनार, मखमलाबाद, दीड एचपी, सातशे बाकी.
दार उघडलं की उधारी
भिंतीकडे तोंड करते.

भाचीनं मोबाइलात तीन ॲप टाकून दिले.
एकाला आधी जीएसटी नंबर हवा.
दुसरं हिंदीत बोलतं, फार गोड.
तिसरं चौदा दिवस फुकट,
मग महिन्याला
एका पंख्याचं वाइंडिंग.

तिसरंच धरलं. नावं भरत गेलो,
खैरनारांपाशी अडलो.
ते पौषातच गेले.
ॲप विचारतं, आठवण पाठवू?
पर्याय दोनच: आता, नंतर.

मोबाइल खिशात टाकला.
कडी घालताना
बाहीला थोडा खडू लागला,
कुणाचा ते
बघितलं नाही.